पीळ आणि गाठ

सोलापुरात येऊन धुळाप्पाला चौथं वर्ष लागलं होतं, आणि या चार वर्षांत मनातलं बोलावं असं एकही माणूस त्याला भेटलं नव्हतं. यात सोलापूरचा दोष नव्हता. एवढं मोठं शहर, सकाळी गिरणीचा भोंगा झाला की रस्ते माणसांनी फुलून जायचे. पण प्रत्येकाला कुठंतरी पोचायचं असायचं. आणि धुळाप्पाही असा की, कुणी नाव विचारलं तर नाव सांगून गप्प बसायचा आणि पुढचंही समोरच्यानंच विचारावं म्हणून वाट बघायचा. समोरचा कशाला विचारतोय!

बोर्डिंगात त्याच्या खोलीत वैरागचा ज्ञानू होता. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. पहिल्याच दिवशी धुळाप्पानं घोंगडी अंथरली, तेव्हा ज्ञानू नाक धरून म्हणाला होता, "अरे, मेंढरू बांधलंस का काय खोलीत?" सगळी पोरं हसली. धुळाप्पाही हसला. मग त्यानं घोंगडी सतरंजीच्या खाली सारली, ती चार वर्षं तिथंच राहिली. ज्ञानू ते दुसऱ्या दिवशी विसरूनही गेला.

घोंगडी बापानं विणलेली होती. काळी कुळकुळीत, आणि काठापासून चार बोटं आत एक पांढरी रेघ. निंगप्पाला लिहिता येत नव्हतं. ती रेघ हीच त्याची सही. पडल्यापडल्या धुळाप्पाचा हात आपोआप सतरंजीखाली जायचा आणि घोंगडीच्या उलट्या बाजूच्या गाठी चाचपत राहायचा. विणताना सूत तुटलं की विणणारा तिथं गाठ मारतो, ज्वारीच्या दाण्याएवढी. निंगप्पाच्या गाठींची शेपटं नेहमी उजवीकडं झुकलेली असायची. अख्ख्या घोंगडीत एकाही गाठीनं तोंड फिरवलेलं नसायचं. पोरं सिनेमाच्या गप्पा मारायची आणि हा गाठी मोजत पडायचा. एकटेपणावर ज्याचं त्यानं औषध शोधावं लागतं. याचं हे होतं.

दुसरं औषध साखर पेठेत होतं. संध्याकाळी तो तिकडच्या बोळांतून उगीचच फिरायचा. घरोघर हातमाग चालू असायचे, आणि बायामाणसांचं बोलणं सगळं तेलुगू. त्याला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही, पण माग कळायचा. खटखट मधेच थांबली की हा रस्त्यात उभा राही. सूत तुटलं, आता टोकं शोधतोय, आता गाठ मारतोय. माग पुन्हा सुरू झाला की याचा जीव भांड्यात पडायचा आणि मगच पाय पुढं निघायचे. एका म्हाताऱ्यानं एकदा दारातून त्याला काहीतरी विचारलंही होतं. धुळाप्पा ओशाळून पुढं गेला. चार दिवस त्या बोळात फिरकला नाही.

त्याचं गाव मंगळवेढ्याच्या पुढं, एसटी उतरून कोसभर चालत. माळरान, बाभळी आणि मेंढरं. घरात एका अंगाला माग रोवलेला. त्याच्यापुढं खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. बायकांनी लोकर कातायची आणि पुरुषांनी विणायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. बाईनं खड्ड्यात पाय घालायचा नाही ही त्यांच्या घरातली रीत. का, ते कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर कुणाला सांगताही आलं नसतं.

धुळाप्पा शाळा संपेपर्यंत त्या खड्ड्यात बसला. हात चांगला होता. अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाला आणि निंगप्पानं त्याला खड्ड्यातून उठवलं.

"आता हितं बसायचं न्हाय. कालीजात जायचं," निंगप्पा म्हणाला.

त्याची आई केराबाई कातत बसली होती. तिनं चाती खाली ठेवली. "कालीजात जाऊन करायचं काय? हाताला काम असंल तर माणूस कुटं बी जगंल."

"माझ्या हाताला हाय की काम. तीस वरीस कंबरंपतूर गाडून घेतलंय. पोरगं खुर्चीत बसंल."

"आन खुर्ची मिळाली न्हाय तर?"

"मिळंल."

"न्हाय मिळाली तर? अर्धं शिकवलं आन अर्ध्यात उठवलं तुमी. हितला बी न्हाय आन तितला बी न्हाय."

केराबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पोरगा सोलापूरला निघाला तेव्हा ती वेशीपर्यंतसुद्धा आली नाही. मात्र पिशवीत कडक भाकरींची चवड आणि शेंगांची चटणी होती, ती काही पिशवीत आपण होऊन चालत आली नव्हती. केराबाईचं चुकत होतं असं छातीठोकपणे कुणी सांगावं? धुळाप्पालाही सांगता आलं नसतं. बी.ए. होऊन आपण नेमकं काय होणार, हे चौथं वर्ष लागलं तरी त्याला उमगलं नव्हतं. त्याच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात घोंगडीच्या धंद्याला दीड ओळ होती, आणि त्या दीड ओळीत 'मागासलेले तंत्र' आणि 'अल्प उत्पादकता' हे दोन शब्दप्रयोग होते. वर्गात तो भाग शिकवला तेव्हा धुळाप्पानं हात बाकाखाली घेतले.

घरून महिन्याला एक कार्ड यायचं. निंगप्पा सांगायचा आणि शाळेतले गुरुजी लिहायचे. 'काळ्या मेंढीस दोन कोकरे झाली, एक लंगडे आहे' असलं काहीबाही त्यात असायचं. शहात्तर सालची संक्रांत झाली आणि त्यानंतरची कार्डं आखडली. 'सर्व खुशाल. काळजी नसावी. परीक्षा होईपर्यंत गावी येऊ नये. अभ्यास करावा.' अक्षर तेच, मोत्यासारखं. मेंढरं मात्र कार्डातून गेली होती. धुळाप्पाच्या ते ध्यानात आलं नाही. तीन वेळा वाचूनही आलं नाही, आणि हा म्हणे शिकलेला!

मार्च सरत आला होता. परीक्षा पंधरा दिवसांवर. चपलेचा अंगठा तुटला म्हणून धुळाप्पा मंगळवार बाजारात चांभाराकडं गेला होता. परतताना हाक आली.

"ए, निंगप्पाचा मगा!"

मगा म्हणजे पोरगा, अक्कलकोटकडचं कानडी. हाक मारणारा गुरुबसप्पा. त्याचं घोंगड्यांचं दुकान, आणि निंगप्पाचा माल वर्षानुवर्षं त्याच्याकडंच यायचा. लहानपणी बापाचं बोट धरून धुळाप्पा इथं कितीदा आला होता. पण कॉलेजात आल्यापासून या दुकानावरून जायचं त्यानं टाळलं होतं. कुणी बघितलं तर काय, ही भीती. कोण बघणार होतं त्याला? पण भीती होती.

"बा तम्मा, कूड," म्हणत गुरुबसप्पानं गादीवर जागा करून दिली. मग सरळ मुद्द्यावर आला. "तुझ्या बापाला काय झालंय, सांग."

"काय झालंय?"

"ते मीच तुला विचारतोय की! स्वतः येत न्हाय, माल एसटीनं धाडतो. माल बघ. दोन खेपा झाल्या, सगळी सैल. एक धनगर महिन्यात परत घेऊन आला, मधेच उसवली म्हणून. निंगप्पाचा माल परत आला! या दुकानात असं कधी झालं न्हाय." त्यानं मागच्या फळीवरून एक घोंगडी ओढून धुळाप्पाच्या मांडीवर टाकली. "अजून एक खेप बघतो. पुन्हा असंच आलं तर मी घेणार न्हाय. बापाला लिही तसं."

काठापासून चार बोटं आत पांढरी रेघ होती. धुळाप्पानं घोंगडी उलटी केली आणि सवयीनं हात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

त्यानं पुन्हा फिरवला, वरून खालपर्यंत. अख्ख्या घोंगडीत एक गाठ नव्हती. असं होत नाही. हातकताईचं सूत, दहा ठिकाणी तुटणारच. मग त्याच्या बोटाला एक जाडसर लांबट जागा लागली. तशी दुसरी, तिसरी. सूत तुटलं होतं तिथं टोकावर टोक ठेवून, थुंकी लावून पीळ दिलेला होता. विणकर असं करत नाही. असं करते ती कातणारी. कातताना सूत तुटलं की बाया पीळच देतात, नडगीवर तळव्यानं एक घासा मारून. आणि हा पीळ कुणाचा, हे धुळाप्पाला विचारायची गरज नव्हती. त्या नडगीशी बसून तो लहानाचा मोठा झाला होता.

आई खड्ड्यात बसली होती. म्हणजे बाप, त्याचे आबा, बसत नव्हते.

"काय रे?" गुरुबसप्पा म्हणाला.

"काही न्हाय. सांगतो घरी," एवढं बोलून तो उठला आणि तसाच एसटी स्टँडवर गेला.

घराचं दार भर दुपारी लोटलेलं होतं. आतून माग ऐकू येत होता, पण ठोका सारखा नव्हता. दोन ठोके बसत, तिसरा रेंगाळे. धुळाप्पानं दार ढकललं. केराबाई खड्ड्यात बसली होती, पदर कमरेला खोचलेला, केसांना लोकरीची कुसळं. भिंतीकडेला वाकळेवर निंगप्पा पडला होता, तोंड भिंतीकडं करून.

केराबाईचा हात थांबला. "कुणी सांगितलं तुला? मास्तरनं?"

"कुणी न्हाय. बाजारात घोंगडी बघितली."

तिनं धोटा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "पीळ घावला व्हय?"

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धोटा फेकता फेकता निंगप्पाचा हात लुळा पडला होता. उजवा हात, उजवा पाय. जीभ जड झाली. बोलायला येत होतं, पण त्यानं बोलायचंच सोडलं. मंगळवेढ्याचा डॉक्टर झाला, देवऋषी झाला. पोराला कळवायचं नाही, एवढं मात्र निंगप्पानं पहिल्याच दिवशी खुणेनं बजावलं होतं. आठ दिवसांनी केराबाईनं दार लोटून घेतलं आणि खड्ड्यात पाय सोडले. त्या दिवशी निंगप्पानं तोंड भिंतीकडं केलं, ते आजतागायत फिरवलं नव्हतं.

"राग आलाय म्हणावं, तर माझ्या हातनं खातोय," केराबाई म्हणाली. "पर बघत न्हाय."

धुळाप्पा बापाजवळ बसला. "आबा." पाठ हलली नाही. त्यानं पाय चेपले. एक पाय गरम होता, एक थंड.

मग तो उठला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि मागाशी आला. "ऊठ आये. मी बसतो."

"पेपर कवा हायत?"

"पेपर मरू दे. तुझंच म्हणणं हुतं की, हाताला काम पायजे म्हणून. माझ्या हाताला येतंय. ऊठ."

"म्हणणं हुतं," केराबाई म्हणाली. "तवा ऐकलं का कुणी? तुमी दोघांनी आपलं खरं केलं. चार वरीस झाली त्याला. आता ह्यो पडला, मी रीत मोडली, दार लावून बसले, आन आता तू म्हणतोस पेपर मरू दे? मग मी कशापायी बसले रं हितं?"

"आये—"

"उठत न्हाय मी. कालीज चांगलं का माग चांगला, मला अजून बी माग चांगला वाटतोय. पर अर्ध्यात सोडलेलं काय बी चांगलं नसतं. एकदा झालं तसं, दुसऱ्यांदा हू द्यायची न्हाय."

धुळाप्पाला रडू आलं. एवढा घोडा झालेला, पण आईपुढं उभा राहून तो रडला. केराबाईनं त्याला रडू दिलं. ती खड्ड्यातून बाहेर आली असती तर त्याला जवळ घेता आलं असतं. पण उठलं तर हा बसेल, म्हणून ती उठली नाही.

मग त्यानं गुरुबसप्पाचं सांगितलं. अजून एक खेप, नाहीतर बंद. केराबाईचा चेहरा उतरला. "तीस वरीस माझ्या पिळाला कुणी नाव ठेवलं न्हाय."

"पिळाला कोण नाव ठेवतंय? पर मागावर फणीचा मार बसला की पीळ सुटतो. विणताना गाठच पायजे."

तो मागाच्या काठावर बसला आणि तिला गाठ शिकवू लागला. एक टोक धरायचं, दुसरं त्याच्यावरून घ्यायचं, अंगठ्याखालून काढायचं, ओढायचं. केराबाईची बोटं पिळाला सरावलेली. ती दोन टोकं एकत्र आली की आपोआप वळू लागायची. वीसदा केलं. विसांतल्या तीन जमल्या, त्यातल्या दोन ओढल्यावर सुटल्या. ती स्वतःवरच चिडली. निंगप्पा हे सगळं ऐकत होता. घरभर फक्त गाठीचं बोलणं चाललेलं, आणि ज्याच्या हातात ती गाठ तीस वर्षं होती तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. धुळाप्पानं दोनदा मोठ्यानं म्हटलं, "आबा, सांगा की तिला." पाठ तशीच.

सकाळच्या गाडीनं तो निघाला. बापाच्या पायाला हात लावताना निंगप्पाचा डावा हात मागं आला आणि त्यानं पोराचा हात धरला. भिंतीकडं तोंड ठेवूनच त्यानं अंगठ्यानं पोराची बोटं चाचपली, एकेक. विणकराला घट्टे असतात, तिथं चार वर्षांत मऊ कातडी आली होती. निंगप्पानं हात सोडला. समाधानानं की आणखी कशानं, ते पाठीवरून कळत नव्हतं.

बोर्डिंगात ज्ञानूनं विचारलं, "कुठं गेला होतास रे?" धुळाप्पा म्हणाला, "घरी." ज्ञानू म्हणाला, "मजा आहे." आणि पुस्तकात डोकं घातलं. सांगावं असं धुळाप्पाला त्या वेळी फार वाटलं होतं. ज्ञानूनं अजून एक प्रश्न विचारला असता तर त्यानं सगळं सांगितलं असतं.

आता त्याला साखर पेठेत फिरवेना. माग थांबला की आईची बोटं डोळ्यांपुढं यायची. बोर्डिंगात सगळी पोरं घोकत असायची, हाही घोकायचा. त्याच्या आईच्या हातात गाठ बसली की नाही यावर त्याचं बी.ए. टांगलेलं होतं, घर टांगलेलं होतं, आणि ते अख्ख्या सोलापुरात फक्त त्याला एकट्याला माहीत होतं. पेपराच्या तिसऱ्या दिवशी प्रश्न आला: ग्रामीण कुटीरोद्योगांच्या ऱ्हासाची कारणे द्या. धुळाप्पानं पेन उचललं, थोडा वेळ कागदाकडं बघत राहिला, आणि पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. मागासलेले तंत्र. अल्प उत्पादकता. मार्क त्यालाच होते. लिहून झाल्यावर आईच्या तोंडात मारल्यासारखं त्याला वाटलं.

शेवटचा पेपर देऊन तो हॉलमधून निघाला तो तडक मंगळवार बाजारात गेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गुरुबसप्पा पंख्याखाली बसला होता.

"आली काय खेप?"

"काल आली की. बघ, घट्ट आहे. चांगली आहे." गुरुबसप्पा खूश होता. "लिहिलंस काय बापाला? हात परत आला बघ त्याचा."

धुळाप्पानं घोंगडी उलटी केली. बोटांना गाठ लागली. दुसरी लागली. वरून खालपर्यंत गाठीच गाठी, ज्वारीच्या दाण्यांसारख्या, ओढून बघितल्या तरी न सुटणाऱ्या. त्यानं श्वास सोडला. जमलं तिला.

आणि मग त्याचा हात अडखळला. या गाठींची शेपटं डावीकडं झुकलेली होती, सगळ्यांची.

आईनं उलटं शिकून घेतलं म्हणावं, तर काठावर बसून त्यानंच तिचं बोट धरून शिकवलं होतं, उजव्या हातानं. सुलटी मारली तरी तिची गाठ टिकत नव्हती. आणि या गाठी नवशिक्या हाताच्या नव्हत्या. शेपटं सारख्या लांबीची. ही सफाई त्यानं चार वर्षं सतरंजीखाली चाचपली होती.

दुकानात लोकरीचं तुटकं सूत पडलं होतं. त्यानं ते उचललं, उजवा हात पाठीमागं घेतला आणि एकट्या डाव्या हातानं गाठ मारून बघितली. जमेना. टोक निसटत होतं. धरायला कुणीतरी हवं होतं.

"काका, एवढं टोक धरा की जरा."

"काय पोरखेळ आहे?" म्हणत गुरुबसप्पानं टोक चिमटीत धरलं. धुळाप्पानं डाव्या हातानं दुसरं टोक त्याच्यावरून घेतलं, अंगठ्याखालून काढलं, ओढलं. गाठ बसली. शेपटं डावीकडं पडली.

म्हणजे आई टोक धरत होती आणि आबा गाठ मारत होते. आबा भिंतीकडून वळले होते. सूत तुटलं की दरवेळी ती दोघं एका गाठीवर वाकत असणार. घोंगडीत किती गाठी होत्या, तेवढ्या वेळा. आणि ते बघायला तिथं तो नव्हता.

तो घोंगडीत तोंड घालून रडू लागला. मेंढराचा वास, चिंचोक्याच्या खळीचा वास. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी बघितलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"अरे, अरे," गुरुबसप्पा गडबडला. त्याच्या हातात अजून ते सुताचं टोक होतं. "काय झालं? पेपर अवघड गेला काय?"

"व्हय काका," धुळाप्पा म्हणाला. "लई अवघड गेला."